क्लिक झालं, पण तपासलं काय?

वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेटच्या मोटरचं कवच पाण्याने भरतात आणि दाब वाढवत नेतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या एस-२०० बूस्टरचे काही भाग इथे घडले आणि इथेच दाबाच्या कसोटीला उतरले. हवेऐवजी पाणी अशासाठी, की पाणी दाबाने फारसं आकसत नाही. पोलाद फाटलंच तरी हवेने होईल तसा मोठा स्फोट होत नाही. या चाचणीत डोळ्यांना दिसण्यासारखं फार काही नसतं. दाब कुठवर न्यायचा, कवच किती ताणलं म्हणजे नापास, हे मात्र पंप सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

याच इंदापूर-बारामती पट्ट्यातून इंजिनिअर होऊन हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये लागलेल्या मुलामुलींच्या हाती येते ती चाचणी बरोबर उलटी. बघायला भरपूर, ठरलेलं कमी. ब्राउझर आपोआप उघडतो, लॉगिन भरलं जातं, बटणं दाबली जातात, खिडकी मिटते. पहिल्यांदा पाहणारा हरखतोच.

हा मोह खोटा आहे असं मी म्हणणार नाही. प्रत्येक रिलीजआधी तेच फॉर्म हाताने भरताना डोळे पडद्यावर असतात, लक्ष नसतं. ते काम यंत्राकडे गेलेलं बरं. शिवाय आयटीत ‘मॅन्युअल’वाल्याकडे जरा नाक मुरडूनच पाहतात, सीव्हीवर ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम आलं की बोलण्याचा सूर बदलतो. आणि सेलेनियम फुकट आहे. २००४ साली शिकागोत थॉटवर्क्सच्या जेसन हगिन्सने ते सुरू केलं, तेव्हा मोठ्या कंपन्यांत मर्क्युरी कंपनीच्या महागड्या साधनांचा दबदबा होता. त्यांचं लायसन्स घरी बसून शिकणाऱ्याला कुठून परवडणार? पुढे सायमन स्टुअर्टचं वेबड्रायव्हर त्यात मिसळलं आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हरला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने प्रमाण म्हणून मान्यता दिली.

साधनं खरोखर सुधारली आहेत. जुन्या स्क्रिप्टमध्ये जागोजागी ‘पाच सेकंद झोप’ असे आदेश पेरलेले असत. पान सहाव्या सेकंदाला आलं की टेस्ट फेल, पहिल्याच सेकंदाला आलं तर चार सेकंद वाया. मग ‘फ्लेकी आहे, रीरन मार’ हा उतारा. एकदा फेल, एकदा पास, आणि दुसरा निकाल खरा धरायचा! कवच दुसऱ्यांदा टिकलं म्हणून कोणी उड्डाणाला पाठवेल का? २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेलं प्लेराइट हे साधन बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, दाबता येतंय का हे स्वतः पाहून मगच क्लिक करतं. वाट पाहण्याचं हे दुखणं त्याने बरंच कमी केलं.

पण वाट कशाची पाहायची हे साधन सांगू शकत नाही. शंभर ओळींची स्क्रिप्ट पानापानांतून धावते आणि शेवटी एकच असर्शन, म्हणजे तपासणी: ‘डॅशबोर्ड’ हा मथळा दिसला. रक्कम बरोबर आली का, नोंद योग्य खात्यावर पडली का, हे कोणी विचारलेलंच नसतं. रिपोर्ट हिरवागार! टेस्ट ऑटोमेशनच्या या कलेत आज कौशल्याची वाण नाही, प्रश्नांची आहे, आणि क्लासमध्ये शिकवतात ते मुख्यतः लोकेटर आणि फ्रेमवर्क.

असा न विचारलेला प्रश्न मराठीपुरता पाहायचा तर ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दाचा शोध घ्या. युनिकोडमध्ये त्यातला ‘ऱ’ एका संकेताने लिहिता येतो, किंवा ‘र’ला नुक्ता जोडून दोन संकेतांनी. तिसरी रीत साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत घालण्याची. डोळ्यांना तिन्ही सारख्या, संगणकाला वेगळ्या. पहिल्या दोन रीती नॉर्मलायझेशनने एक होतात, तिसरी होत नाही. नाव एका रीतीने साठवलं आणि शोधणाऱ्याच्या कीबोर्डने दुसऱ्या रीतीने टाइप केलं, तर ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येऊ शकतं. स्क्रिप्टला मात्र हे कळत नाही, कारण टेस्टरने तो शब्द त्याच पानावरून कॉपी केलेला असतो.