‘चोरी’ कोणाची? : बागुलांच्या एका कथेचा अन्वयार्थ

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाची चर्चा मराठी समीक्षेने मुख्यतः ‘दाहक अनुभव’ आणि ‘विद्रोह’ या शब्दांच्या आधारे केली. त्यामुळे लेखकाचा गौरव झाला. शीर्षककथेने मांडलेला विचार मात्र झाकला गेला.

चोरीला मालक लागतो. कथेतील दलित निवेदक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होताना लपवतो ती स्वतःचीच जात. मग फिर्यादी कोण? जात व्यक्तीची असली तरी ती जाणून घेण्याचा हक्क समाज स्वतःकडे ठेवतो, कारण ती कळल्याखेरीज समोरच्याला घर द्यावे की नाही, पंगतीला बसवावे की नाही, हेच ठरत नाही. शीर्षकातील क्रियापद ही फिर्यादीचीच भाषा आहे. आरोपीच्या तोंडी येताच ती उपरोधिक होते.

घटनास्थळ रेल्वेचे आहे, हेही महत्त्वाचे. रेल्वेतून उभे राहणारे उद्योग जातींना आधारभूत असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडतील, असे भाकीत मार्क्सने १८५३ मध्ये केले होते. बागुलांच्या कथेत यंत्र आले, पगार आला, जात तशीच राहिली. निवेदकाच्या विद्वत्तेचे कौतुक करणारे सहकारीच जात उघड होताच त्याला मारहाण करतात. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची, हे आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले होते. त्या प्रतिपादनाचा कथात्म प्रत्यय येथे येतो.

आपल्याला या माणसांनी नव्हे, मनूने मारले, हा निवेदकाचा शेवटचा निर्वाळा अनेकांना क्षमाशील वाटतो. वस्तुतः तो दोष व्यक्तीकडून व्यवस्थेकडे नेतो. तरीही तो अपुरा आहे. ग्रंथ श्रेणी ठरवतो. पण मारणाऱ्या कामगाराला त्या श्रेणीतून आज काय मिळते? आपल्याखाली कोणीतरी असल्याची हमी. तीच त्याला वरच्यांविरुद्ध उठू देत नाही. मनूचे नाव घेतल्याने हा चालू व्यवहार नजरेआड होण्याचा धोका आहे.

बागुलांना त्याची जाणीव असावी. एरवी काशीनाथ कथेत आला नसता. तो जात लपवत नाही, चाकू जवळ बाळगतो आणि निवेदकाला सोडवतो. निवेदकाजवळ कारणमीमांसा आहे, काशीनाथजवळ प्रतिकार. दोघांत जवळीक असली तरी कथा त्यांचा मेळ घालून देत नाही.