आशाताई एका सीडीत मावतात का?

बहरीनमधल्या कुठल्याही मराठी घरात जा, तीन वस्तू हमखास सापडतील. प्रेशर कुकर, देव्हाऱ्यातला गणपती आणि ‘आशा भोसले यांची निवडक गाणी’ अशा धर्तीची एखादी सीडी. ती सीडी वाजवायचं यंत्र आता फार थोड्या घरांत उरलं आहे, पण तीच सोळा-वीस गाणी मोबाइलवर येऊन बसली आहेत. गणेशोत्सवात तीच, कोजागिरीला तीच आणि कॉजवेवरून खोबरला जाताना गाडीतही तीच! मग प्रश्न पडतो, असा संग्रह म्हणजे आशाताईंचं सर्वोत्तम काम म्हणायचं का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. नाही. त्यातली गाणी उत्तमच आहेत, तक्रार निवडीच्या रीतीबद्दल आहे.

आशाताईंचं पहिलं चित्रपटगीत मराठी होतं. १९४३च्या ‘माझं बाळ’ या चित्रपटासाठी दत्ता डावजेकरांनी ते त्यांच्याकडून गाऊन घेतलं, तेव्हा त्या जेमतेम दहा वर्षांच्या होत्या. पुढे २०११ साली गिनीज बुकाने त्यांच्या नावावर वीसहून अधिक भारतीय भाषांतली अकरा हजारांपर्यंत ध्वनिमुद्रणं नोंदवली. बाहेरच्या जगाला मात्र त्या ठाऊक आहेत त्या ‘पॉप’ आशा म्हणून. कॉर्नरशॉप या इंग्लंडमधल्या बँडचं त्यांच्यावरचं गाणं १९९८ साली तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलं. २००५ साली क्रोनोस क्वार्टेटबरोबर त्यांनी राहुलदेव बर्मन यांची गाणी नव्याने गायली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती! हे सगळं अभिमानाचंच. पण त्यात आपली मराठी आशा कुठे दिसणार? तिच्यासाठी आपण मराठी संग्रहाकडे वळतो आणि तिथेही गाणी निवडताना ‘सर्वांत लोकप्रिय कोणतं?’ एवढंच पाहिलेलं असतं. शिवाय रेकॉर्ड कंपनी स्वतःच्या मालकीच्या गाण्यांतूनच निवडणार. दुसऱ्या कंपनीकडचं गाणं कितीही मोलाचं असलं, तरी ते यादीबाहेरच राहतं.

माझ्याकडच्या संग्रहात गाण्यांची सरमिसळ आहे. संगीतकाराचं नाव पाठीमागे बारीक अक्षरात, कवीचं तर गायबच! इथेच खरं नुकसान होतं. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मधली वसंत पवारांची ‘बुगडी माझी सांडली गं’ ही लावणी ऐका आणि लगेच सुरेश भट-हृदयनाथ मंगेशकर यांचं ‘तरुण आहे रात्र अजुनी’ ऐका. शृंगार दोन्हीकडे आहे. लावणीतली बाई भरल्या फडाला उद्देशून बोलते, म्हणून आवाजात ठसका आहे, शब्दांवर झटका आहे. दुसऱ्या गाण्यात ऐकणारा एकच आहे आणि तोही जवळ. तिथे तोच आवाज इतका खाली येतो, की शब्दापेक्षा श्वासच जास्त ऐकू यावा. ही दोन गाणी शेजारी ठेवली तर गायिकेची ताकद कळते. मध्ये पाच भलतीच गाणी आली, की दोन्ही नुसती ‘छान गाणी’ होऊन जातात.

दुसरी उणीव नाट्यगीतांची. ‘मानापमान’ हे १९११चं नाटक. त्यातल्या पदांनी मास्टर दीनानाथांनी रंगभूमी गाजवली. वडील गेले तेव्हा आशाताई आठ वर्षांच्या होत्या. पुढे ‘शूरा मी वंदिले’, ‘युवती मना’ ही पदं त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केली. रंगमंचावर वाटेल तितकी रंगवता येणारी पदं रेकॉर्डच्या काही मिनिटांत बसवायची, तानेची धार जाऊ द्यायची नाही आणि वडिलांची नक्कलही करायची नाही, हे सोपं काम नव्हे. माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम शोधायचं तर इथे आणि हृदयनाथांच्या अवघड चालींमध्ये शोधावं. माझ्या सीडीत मात्र एकही नाट्यगीत नाही.

कुणी म्हणेल, अकरा हजारांतून वीस निवडायची तर काहीतरी गळणारच. मान्य! शिवाय लोकप्रिय गाणं कमअस्सल असतं असंही नाही. गदिमांचे शब्द आणि पु.लं.ची चाल असलेलं ‘नाच रे मोरा’ (‘देवबाप्पा’, १९५३) घ्या. बालगीत असूनही त्यात लाडिक बोबडेपणा नाही, म्हणूनच ते तीन पिढ्या टिकलं. अशा गाण्यांचा संग्रह हा घराचा उंबरठा म्हणून उत्तम आहे. फक्त उंबरठ्यालाच घर समजू नये.

आपल्यासाठी हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. तिकडे रेडिओवर, लग्नाच्या मांडवात, शेजारच्या खिडकीतून न मागता शंभर गाणी कानावर पडतात. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर मराठी गाणं पडतं ते आपण लावू तेवढंच. मुहर्रकच्या मोती काढणाऱ्यांची फिजिरी गाणी २०२१ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. पाहुण्यांसमोर सादर होणारा पाच मिनिटांचा तुकडा म्हणजे फिजिरी, असं कुठलाही बहरीनी जाणकार मानणार नाही. मग आपणच आपल्या गायिकेच्या बाबतीत वीस गाण्यांवर समाधान का मानावं?

म्हणून मंडळाच्या पुढच्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी एक सूचना करते. यादी लोकप्रियतेने न करता संगीतकारांप्रमाणे करू या. वसंत पवार, सुधीर फडके, हृदयनाथ, श्रीधर फडके यांची दोन-दोन गाणी आणि एक नाट्यपद. प्रत्येक गाण्याआधी कवीचं आणि संगीतकाराचं नाव मुलांनीच सांगायचं. गायकांना तालीम जरा जास्त लागेल आणि टाळ्या कदाचित थोड्या कमी पडतील. पण घरी जाताना एखाद्या मुलाने ‘आई, हे पण त्यांनीच गायलंय?’ असं विचारलं, तर ती संध्याकाळ सार्थकी लागली म्हणायची.