अलंकारज्ञान व सर्जनशील लेखन यांचे परीक्षण

भाषेतील अलंकारांचे स्वरूप विद्यार्थ्याला कितपत कळले आहे आणि भाषेचा नवनिर्मितीसाठी उपयोग करणे त्याला कितपत साधते, हे अजमावण्याच्या पद्धती व त्यांमागील साहित्यविचार यांचा अंतर्भाव या विषयात होतो. यांपैकी पहिली बाब आस्वादाची व दुसरी निर्मितीची समजली जाते आणि परीक्षेतही त्या स्वतंत्र प्रश्नांत विभागलेल्या असतात. ही विभागणी सोयीची असली, तरी तिच्यामुळे अलंकार हे केवळ नामावळीचे आणि सर्जनशील लेखन हे केवळ पाठांतराचे क्षेत्र होण्याचा धोका उद्भवतो. प्राचीन भारतीय साहित्यशास्त्रात व पाश्चात्त्य वक्तृत्वशास्त्रात या दोन्ही बाबी परस्परांशी बांधलेल्या होत्या, हे ध्यानात घेतल्यास आजच्या परीक्षणपद्धतीचे मूल्यमापन अधिक नेमकेपणाने करता येते.

भारतीय परंपरा : कवीची परीक्षा ही कल्पना भारतात जुनी आहे. राजशेखराच्या (नववे-दहावे शतक) ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात राजाने कविसभा भरवून काव्याची परीक्षा करावी, असे सांगितले आहे. उज्जयिनीत काव्यकारांची व पाटलिपुत्रात शास्त्रकारांची परीक्षा होत असल्याची परंपराही त्याने नोंदविली आहे. पहिल्या परीक्षेच्या संदर्भात कालिदास, भारवी इत्यादींची, तर दुसरीच्या संदर्भात पाणिनी, पतंजली इत्यादींची नावे तो देतो. या परंपरेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, काव्य रचणे व शास्त्र जाणणे यांच्या कसोट्या वेगळ्या असतात, ही जाणीव तीत स्पष्ट दिसते. राजशेखराने प्रतिभेचेही कारयित्री व भावयित्री असे दोन प्रकार मानले आहेत. कारयित्री प्रतिभा कवीला, तर भावयित्री रसिकाला उपकारक ठरते. आस्वादालाही प्रतिभा लागते, हे यातून मान्य झाले. परिणामी आस्वादाची परीक्षा ही निव्वळ स्मरणाची परीक्षा असू शकत नाही.

मम्मटाने (अकरावे शतक) ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात शक्ती, निपुणता व अभ्यास या तिहींना एकत्रितपणे काव्याचे कारण मानले. शक्ती म्हणजे प्रतिभा ही जन्मजात. पण निपुणता व अभ्यास यांना शिक्षणात स्थान असते. क्षेमेंद्राच्या (अकरावे शतक) ‘कविकण्ठाभरण’ या लहानशा ग्रंथात हा अभ्यास कसा करावा, याचे व्यावहारिक मार्गदर्शन आढळते. शिष्यांची अल्प प्रयत्नाने शिकणारे, कष्टाने शिकणारे व शिकू न शकणारे अशी प्रतवारी करून, वृत्त अंगवळणी पडावे म्हणून प्रथम अर्थशून्य शब्दांची पद्यरचना करणे, दुसऱ्याच्या श्लोकातील शब्द बदलून पाहणे, दिलेली समस्या पूर्ण करणे, अशा पाठांची शिफारस तो करतो. समस्यापूर्तीचा समावेश वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील चौसष्ट कलांतही आहे. या पाठांत शास्त्र व रचना एकाच वेळी कसाला लागतात.

वर्गीकरण व त्याच्या मर्यादा : भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त उपमा, रूपक, दीपक व यमक हे चारच अलंकार सांगितले आहेत. अप्पय्य दीक्षितांच्या (सोळावे शतक) ‘कुवलयानंदा’पर्यंत ही संख्या शंभराच्या पुढे गेली. ही वाढ केवळ गणनेच्या हौसेतून झालेली नाही. रुय्यकाने (बारावे शतक) सादृश्यमूलक अलंकारांची मांडणी भेद व अभेद यांच्या तारतम्यावर केली. उपमेत दोन वस्तूंचे साम्य व वेगळेपण दोन्ही जागे असतात. रूपकात एकीवर दुसरीचा आरोप होतो. उत्प्रेक्षेत व अतिशयोक्तीत वर्ण्य वस्तू दुसरीत विरघळू लागते किंवा पूर्णतः विरघळते. अलंकाराचे नाव हे अशा प्रकारे मनाच्या एका विशिष्ट व्यापाराचे नाव ठरते.

मात्र ही नावे वादातीत होती, असे नाही. भामहाने हेतू, सूक्ष्म व लेश यांना अलंकार मानण्यास नकार दिला. दंडीने त्यांनाच उत्तम अलंकार ठरविले. दंडीने स्वभावोक्तीला अग्रस्थान दिले. कुंतकाने ती अलंकार नसून अलंकृत होणारी वस्तू होय, असे प्रतिपादन केले. एकाच ठिकाणी अनेक अलंकार आल्यास संसृष्टी व संकर हे प्रकार मानले गेले. आणि कोणता अलंकार आहे, याचा निर्णय होत नसेल, तर त्या अनिश्चिततेलाच ‘संदेहसंकर’ असे नाव देण्यात आले. प्रत्येक उदाहरणाला एकच बिनचूक उत्तर असते, हे आजच्या प्रश्नपत्रिकेतील गृहीतक या शास्त्रातून आलेले नाही.

याहून महत्त्वाची भूमिका आनंदवर्धनाची (नववे शतक) आहे. ‘ध्वन्यालोका’त त्याने अलंकाराच्या योजनेचे निकष सांगितले : तो रसाला पोषक असावा, त्याच्यासाठी कवीला वेगळा खटाटोप करावा लागू नये, योग्य वेळी तो स्वीकारावा व योग्य वेळी सोडावा, शेवटपर्यंत ताणू नये. अलंकार ओळखणे ही या विचारात केवळ पहिली पायरी असून तो तेथे का असावा, हा खरा प्रश्न आहे. क्षेमेंद्राच्या औचित्यविचाराचाही रोख हाच आहे.

पाश्चात्त्य परंपरा : रूपकावरील प्रभुत्व दुसऱ्याकडून शिकता येत नाही, ते प्रतिभेचे लक्षण होय, असे मत ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये व्यक्त केले. तरीही ग्रीक-रोमन शिक्षणात अलंकारांचा पद्धतशीर अभ्यास होत असे. क्विंटिलियनने पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बारा खंडांच्या वक्तृत्वविषयक ग्रंथात आठव्या व नवव्या खंडांत अलंकारांचे विवेचन करून त्यांच्या संयत वापराचा आग्रह धरला. चौथ्या शतकातील ॲफ्थोनियसच्या पाठमालेत बोधकथेपासून सुरू होणारे चढत्या काठिण्याचे चौदा लेखनपाठ आहेत. इरॅस्मसने १५१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शब्दवैपुल्यविषयक ग्रंथात पत्र मिळाल्याचा आनंद व्यक्त करणारे एकच साधे वाक्य शंभराहून अधिक प्रकारांनी लिहून दाखविले. क्षेमेंद्राच्या पाठांशी या पाठांचे असलेले साम्य लक्षणीय आहे. दोन्हीकडे विद्यार्थी अलंकार प्रत्यक्ष रचून शिकतो.

विसाव्या शतकात आय. ए. रिचर्ड्‌स या समीक्षकाने केंब्रिज येथील विद्यार्थ्यांना कवीचे नाव न देता कविता वाचावयास देऊन त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले. त्यावर आधारित ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथात तेरा कवितांवरील अभिप्रायांचे विश्लेषण आहे. सुशिक्षित वाचकांनाही कवितेचा सरळ अर्थ लागत नाही, ते रूपक शब्दशः घेतात आणि ठरीव प्रतिक्रियांच्या आहारी जातात, असे त्यात आढळून आले. दुसरीकडे, अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये सर्जनशील कृतीला प्रबंधाचा दर्जा देण्याचे धोरण जाहीर केले आणि १९३६ मध्ये तेथे लेखकांची कार्यशाळा स्थापन झाली. तेव्हापासून सर्जनशील लेखन हा विद्यापीठीय परीक्षेचा विषय होण्याचा मार्ग खुला झाला.

मराठीतील स्थिती : मराठीत अलंकारांचा सर्वांत समृद्ध वापर ‘ज्ञानेश्वरी’त (१२९०) आढळतो, तेथे उपमा-दृष्टांतांची मालिका तत्त्वविचार श्रोत्याच्या अनुभवात उतरविण्यासाठी येते. पुढे पंडित कवींच्या काळात अलंकार हे व्युत्पत्तीचे प्रमाण बनले. वामन पंडित यांना मिळालेले ‘यमक्या वामन’ हे नाव आणि मोरोपंतांनी (१७२९–९४) ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले ‘निरोष्ठरामायण’ यांतून ही प्रवृत्ती दिसते. रा. श्री. जोग यांचे ‘अभिनव काव्यप्रकाश’ (१९३०), ग. त्र्यं. देशपांडे यांचे ‘भारतीय साहित्यशास्त्र’ (१९५८) यांसारख्या ग्रंथांनी प्राचीन विचार मराठी अभ्यासकांना सुलभ करून दिला. पण शालेय पातळीवर त्यातील विवेचन गळून व्याख्या तेवढ्या उरल्या.

महाराष्ट्रातील शालेय मराठीच्या आणि स्पर्धापरीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत ओळ देऊन अलंकार ओळखण्यास सांगणारा प्रश्न दीर्घकाळ रूढ आहे. त्याच्या तयारीसाठी विद्यार्थ्याला खुणेचे शब्द शिकविले जातात : ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘परी’ आल्यास उपमा, ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ आल्यास उत्प्रेक्षा, ‘नव्हे’ आल्यास अपन्हुती. ही युक्ती बहुधा यशस्वी होते आणि तिचा दोषही तेथेच आहे. ‘आईप्रमाणे मुलगीही शिक्षिका झाली’ या वाक्यात खुणेचा शब्द आहे, साम्य आहे. परंतु अलंकार नाही, कारण त्या साम्यात चमत्कृती नाही. न्यायशास्त्रात उपमान-प्रमाणाचे उदाहरण म्हणून येणारे ‘गाईसारखा गवय असतो’ हे वाक्यही याच कारणाने काव्यात्म उपमा ठरत नाही. खुणेच्या शब्दावर विसंबणारा विद्यार्थी हा भेद कधी करू शकत नाही आणि प्रश्नही तो करण्यास त्याला भाग पाडत नाही.

एका कल्पित उदाहरणावरून हा मुद्दा स्पष्ट होईल. ‘भेगाळलेले रान म्हाताऱ्या शेतकरणीच्या टाचेसारखे दिसते’ ही उपमा. ‘ते रान म्हणजे जणू तिची टाचच’ ही उत्प्रेक्षा. ‘उन्हाने रानाची टाच फुटली’ हे रूपक. ‘हे रान नव्हे, ही भेगाळलेली टाच’ ही अपन्हुती. ‘टाच फुटली आणि आभाळाकडे थेंबभर तेल नाही’ असे म्हटल्यास रान हा शब्दच नाहीसा होतो. उपमेय उपमानात गिळले जाते आणि मम्मटाने सांगितलेल्या अतिशयोक्तीचा पहिला प्रकार सिद्ध होतो. शालेय व्याख्येनुसार अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणे; त्यामुळे हे उदाहरण तीत बसत नाही. ही पाच नावे अचूक सांगणाऱ्या विद्यार्थ्याला पाच वाक्यांतील बोलणाऱ्याची मनःस्थिती वेगवेगळी आहे, हे उमगलेलेच असेल असे नाही. पहिल्यात तो दुरून पाहत आहे. शेवटच्यात पाहणारा व रान यांत अंतर उरलेले नाही.

आधुनिक कवितेपुढे ही पद्धत अधिकच अपुरी पडते. बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ या तत्त्वाच्या आधारे दृश्य साम्याऐवजी भावनिक साम्याने जोडलेल्या प्रतिमांचा विचार मांडला. अशा प्रतिमांना जुन्या कोष्टकात नाव शोधून विषय संपत नाही. तरीही प्रश्नाला सोयीच्या ओळी निवडण्याच्या गरजेपोटी अलंकाराची उदाहरणे बहुधा जुन्याच कवितेतून घेतली जातात. आजची कविता अलंकारहीन असते, असा चुकीचा समज त्यामुळे दृढ होतो.

निबंधाच्या प्रश्नात उलट प्रकार घडतो. नदीचे मनोगत किंवा फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त हे विषय परिचित आहेत. असा निबंध आरंभापासून अखेरपर्यंत अचेतनावर चेतनाचे गुण आरोपून, म्हणजे चेतनगुणोक्तीच्या आधाराने लिहावा लागतो. संस्कृत साहित्यशास्त्रात या व्यापाराचा बराचसा भाग समासोक्तीत येतो. एकाच प्रश्नपत्रिकेत विद्यार्थी एका ठिकाणी चेतनगुणोक्ती हे नाव लिहितो आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा पानभर वापर करतो. पण या दोन कृतींचा संबंध त्याला कोणी विचारत नाही. मार्गदर्शिकांतील तयार निबंध पाठ केल्यास तर या वापरातील निर्मितीचा अंशही नाहीसा होतो.

विश्वसनीयता व सप्रमाणता : ही पद्धत टिकून राहण्यास सबळ कारण आहे. अलंकार ओळखण्याच्या प्रश्नाला कोणीही तपासले तरी सारखेच गुण पडतात. सर्जनशील लेखनाचे तसे नाही. अमेरिकेत स्टार्च व एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा शंभरपैकी दिलेल्या गुणांत तीसहून अधिक गुणांची तफावत आढळली. मोठ्या संख्येने विद्यार्थी बसणाऱ्या सार्वजनिक परीक्षेत अशी तफावत अन्यायकारक ठरते. शैक्षणिक मापनाच्या परिभाषेत, पहिल्या प्रश्नाची विश्वसनीयता अधिक पण सप्रमाणता कमी असते; दुसऱ्याची स्थिती उलट असते. ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या बोधात्मक उद्दिष्टांच्या श्रेणीत ज्ञान हा पाया असून आकलन, उपयोजन इ. पायऱ्या त्याच्यावर आहेत. २००१ च्या सुधारित मांडणीत निर्मिती सर्वांत वर आहे. सोयीसाठी पायाची परीक्षा घेऊन शिखराचे प्रमाणपत्र देणे, हा दोष या दोन टोकांमधील मार्ग न शोधल्यामुळे उद्भवतो.

असा मार्ग परंपरेतच उपलब्ध आहे. अलंकार काढून टाकून तीच ओळ साध्या वाक्यात लिहावयास सांगणे व काय हरवले, हे विचारणे; उपमेचे रूपक करून अर्थात पडलेला फरक नोंदविण्यास सांगणे; दुष्काळाची बातमी व शेतकऱ्याचे स्वगत यांपैकी कोणती कल्पना कोठे शोभेल, याचे कारण मागणे; अर्धे वाक्य देऊन समस्यापूर्तीप्रमाणे ते पुरे करून घेणे, या प्रश्नांची उत्तरे लहान असतात; त्यांचे निकष आधी ठरविता येतात व दोन परीक्षकांकडून ती पडताळता येतात. यांत मतभेदाला थोडा वाव राहतो. परंतु संदेहसंकराला शास्त्रात स्थान देणाऱ्या परंपरेला सकारण मतभेद परका नाही. महाराष्ट्रातील शालेय भाषाविषयांत अलीकडे कृतिपत्रिकेचे स्वरूप व उपयोजित लेखन यांना स्थान मिळाले आहे. त्यांतून या दिशेने जाणे शक्य आहे. तथापि कृतीचे नाव देऊन जुनाच प्रश्न विचारल्यास बदल केवळ नावापुरता राहील.

अलंकार हे दोन गोष्टींतील अनपेक्षित नाते पाहण्याचे साधन आहे. बहुसंख्य विद्यार्थी शाळेनंतर कवितेकडे पुन्हा वळत नाहीत. पण जाहिरात, भाषण व वृत्तपत्र यांतील रूपके त्यांच्या मतांवर आयुष्यभर परिणाम करीत राहतात. त्या रूपकाला नुसते नाव देऊ शकणारा वाचक आणि ते कोठे नेत आहे, हे ओळखू शकणारा वाचक यांत जो फरक आहे, तो परीक्षेने मोजला पाहिजे; कारण परीक्षेत जे विचारले जात नाही, ते वर्गात फार काळ शिकविले जात नाही.