त्यांना नाचू द्या

कोरियन बॉय बँडचे अलीकडचे व्हिडिओ पाहताना चीड येते ती संकलनाची. पोरांनी घाम गाळून नाच बसवलेला असतो आणि पडद्यावर त्यातली एक हालचाल धड पुरी दिसत नाही. हात वर जातो, कट. तो खाली येईपर्यंत सेट बदललेला, पोशाख बदललेला, चेहराही दुसऱ्याचाच. देखणे चेहरे आळीपाळीने समोर आणले की काम भागलं, असा यामागचा हिशेब.

हिशेब जुनाच आहे, पाश्चात्त्य बँडांपासून चालत आलेला. बॅकस्ट्रीट बॉइजना ‘क्विट प्लेइंग गेम्स’मध्ये उघड्या सदऱ्यांनिशी पावसात भिजवलं, १९९९च्या ‘आय वाँट इट दॅट वे’मध्ये पांढऱ्या कपड्यांत विमानापाशी उभं केलं आणि शेवटी चाहत्यांचा घोळकाच चित्रात आणला. पाहणारीला तिची जागा दाखवून दिली. वन डायरेक्शनने २०११मध्ये तेच आर्जव समुद्रकिनाऱ्यावर नेलं. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पण याच धंदेवाईक प्रकारातून अस्सल नृत्यपट निघू शकतो, हे एक्सो या कोरियन बँडच्या ‘ग्राउल’ने २०१३मध्ये दाखवलं. एक रिकामं गोदाम, गणवेशासारखे कपडे घातलेली बारा मुलं आणि सलग भासणारा एकच शॉट. कॅमेरा लांब उभा राहत नाही. तो मुलांत शिरतो, मागे सरतो, वळतो आणि त्याच्याबरोबर त्यांची रचना फुटते, पुन्हा जुळते. गायची पाळी आलेला मुलगा बाकीच्यांतून वाट काढत पुढे येतो, ओळ संपली की बाजूला होतो, त्याची जागा दुसरा घेतो. इतक्या जणांचा बँड कशासाठी असतो, ते या देवाणघेवाणीत कळतं. चेहरे इथेही देखणेच आहेत, पण ते नाचाच्या ओघात भेटतात. त्यांच्यासाठी नाच थांबवावा लागत नाही. शिवाय बारांपैकी कुणावर नजर ठेवायची, हे संकलक ठरवत नाही. ते पाहणारी ठरवते. माझ्या मते या व्हिडिओची सगळी मोहिनी त्या मोकळिकीत आहे.

दुसरी वाट कोड्यांची. बीटीएसच्या २०१६च्या ‘ब्लड स्वेट अँड टिअर्स’मध्ये हेर्मान हेसेची ‘डेमियन’ कादंबरी आहे, ब्रुगेलच्या चित्रातला इकारस आहे. चाहत्यांनी हे सारं ज्या चिकाटीने उकललं, तिच्याबद्दल मला आदर आहे. मात्र त्यानंतर प्रत्येक नव्या बँडला स्वतःचं गूढ विश्व हवंसं झालं आणि नाच त्या विश्वाच्या सजावटीत हरवला.

त्यात भर आकड्यांची. २०१९मध्ये बादशाहच्या ‘पागल’ने पहिल्या २४ तासांतल्या यूट्यूब व्ह्यूजचा बीटीएसचा विक्रम मोडल्याचा दावा झाला, वाद पेटला आणि जाहिरातीतून मिळालेले व्ह्यूज या विक्रमात धरायचे नाहीत, असं यूट्यूबला ठरवावं लागलं. पुढच्याच वर्षी बीटीएसच्या ‘डायनामाइट’ने एका दिवसात १० कोटींचा टप्पा ओलांडला. २०२६च्या जानेवारीपर्यंत बिलबोर्डच्या यादीतही हे व्ह्यूज मोजले जात, म्हणून चाहत्या रात्र जागून तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत आल्या. त्यांच्या मायेतून कंपन्यांना फुकटची मेहनत मिळते आणि त्या मेहनतीच्या बदल्यात त्यांना तुकडे दाखवले जातात. हा अन्याय आहे आणि त्याला मनोरंजन म्हणून सोडून देणं मला मान्य नाही.

कोवळ्या मुलींना चेहरेच हवे असतात, असं उत्तर यावर ठरलेलं आहे. ते साफ खोटं आहे. याच मुली सरावाच्या खोलीतले व्हिडिओ पारायण केल्यासारखे पाहतात. तिथे ना सेट असतो ना रोषणाई. भिंतभर आरसा, ढगळ टी-शर्ट आणि एका जागी ठेवलेला कॅमेरा. कुणाचा हात किंचित उशिरा पोचला तरी तो दिसतो. कुणाची पावलं पक्की आहेत आणि कोण शेजाऱ्याकडे पाहून सावरून घेतोय, हे त्या बिनचूक सांगतात. इतका जाणता प्रेक्षक किती कलांच्या वाट्याला येतो?

नाचाचा व्हिडिओ नंतर वेगळा काढावा लागतो, याचाच अर्थ मुख्य व्हिडिओत नाच दिसत नाही हे कंपन्यांना ठाऊक आहे. मग सरावाच्या खोलीतला तो व्हिडिओच पहिल्या दिवशी, सगळ्यांत आधी का येऊ नये?