गांजाचे दुकान आणि गल्ल्याचे भय

फराळाचे ताट पुढे असताना गांजाची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना एवढेच सांगतो की, मला येथे नशेविषयी बोलावयाचे नाही. पैशाविषयी बोलावयाचे आहे. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत पैशाविषयी बोलणे अप्रस्तुत खास नव्हे.

विषयाला निमित्त झाले ते दोन अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकांचे. पहिली 'वीड्स'. जेन्जी कोहन या लेखिकेची ही मालिका २००५ पासून २०१२ पर्यंत चालली. कॅलिफोर्नियातील एका कल्पित उपनगरात राहणारी नॅन्सी बॉटविन ही विधवा दोन मुलांचा संसार सावरण्यासाठी चोरून गांजा विकू लागते. दुसरी मालिका 'डिसजॉइंटेड', २०१७-१८ सालची. तीत लॉस एंजेलिस शहरात रूथ नावाची एक वयस्क बाई उघडपणे, राज्याच्या कायद्याला धरून गांजाचे दुकान चालविते. कॅथी बेट्स या नामवंत अभिनेत्रीने रूथ रंगविली आहे. एक विक्रेती चोरटी, दुसरी सनदशीर. या दोघींत निर्धास्त कोण असावी, असे कोणास विचारले तर तो रूथचेच नाव घेईल. प्रत्यक्ष व्यवहार मात्र उलटा आहे.

नॅन्सीचा एक गिऱ्हाईक हिशेबनीस आहे आणि गावच्या कारभारी मंडळाचा सभासदही आहे. त्याच्या सल्ल्याने ती एक नावापुरती बेकरी काढते. गांजाचा पैसा पावबिस्किटांचा म्हणून दाखवावयाचा आणि उजळ करून घ्यावयाचा, ही युक्ती. म्हणजे खोटे बोलणाऱ्या बाईला बँकेचे दार उघडे होते. खरे बोलणाऱ्या दुकानदाराला मात्र ते दार बंद सापडते.

याचे कारण एकाच देशात नांदणारे दोन कायदे. कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून प्रौढांना दुकानात गांजा मिळू लागला. वॉशिंग्टन राज्यात त्याच वर्षीच्या जुलैपासून आणि कॅलिफोर्नियात २०१८ च्या आरंभापासून. पण केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंक्तीस, अत्यंत कडक निर्बंधांच्या पहिल्या यादीत बसविले होते. जो माल केंद्राच्या लेखी गुन्ह्याचा, त्याचा पैसाही गुन्ह्याचाच; आणि तो ठेवून घेणारी बँक काळ्याचे पांढरे करणारी. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने बँकांना थोडी वाट करून दिली. खाते उघडा, पण अशा प्रत्येक खात्याविषयी 'संशयास्पद व्यवहारा'चा अहवाल धाडीत जा! दुकानदार नियमाने वागत असला तर एक प्रकारचा अहवाल, त्याच्यावर शंका असली तर दुसरा, खाते बंद केले तर तिसरा. म्हणजे सालस माणसाविषयीही लिहावयाचे ते संशयाच्याच मथळ्याखाली. वर्गात वदतोव्याघात शिकविताना मला याहून चांगले उदाहरण आजवर सापडलेले नाही.

साहजिकच मोठ्या बँका दूर राहिल्या. काही लहान बँका व पतपेढ्या पुढे आल्या, पण या सर्व कागदपत्रांचा खर्च त्यांनी भरभक्कम शुल्कातून वसूल केला. कोलोरॅडोत २०१४ साली खास या धंद्यासाठी एक पतपेढी निघाली. राज्याने सनद दिली. पण २०१५ मध्ये फेडरल रिझर्व्हच्या कॅन्सस सिटी येथील बँकेने तिला खाते नाकारले. पेढीलाच पेढी मिळेना! डेन्व्हरच्या एका दुकानाने नोकरांच्या पगारावरचा कर रोखीने भरला, तर रोखीने भरल्याबद्दल दहा टक्के दंड बसला. खाते नाही म्हणून रोख, आणि रोख म्हणून दंड. दुकानदार भांडला, तेव्हा कोठे तो दंड सुटला.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. परंतु रोकड साठते तेथे चोर येतात. आपल्याकडे गुप्तधनाच्या कथा कमी नाहीत. पण २०१२ साली कॅलिफोर्नियात घडले ते कथेपलीकडचे आहे. औषधी गांजाच्या एका दुकानदाराने वाळवंटात पैसा पुरला आहे, अशा समजुतीने काही जणांनी त्याला घरातून पळवून नेले आणि त्याचा अमानुष छळ केला. २०१६ च्या जूनमध्ये डेन्व्हरजवळच्या ऑरोरा येथे एका दुकानाच्या रखवालदाराला दरोडेखोरांनी गोळ्या घालून ठार केले. वय चोवीस, पूर्वी नौदलाच्या मरीन पलटणीत होता, तीन लेकरांचा बाप. २०२२ च्या आरंभी वॉशिंग्टन राज्यात तर अशा दुकानांवर दरोड्यांची रांगच लागली. त्यांत मार्च महिन्यात टकोमा शहरी एक नोकर प्राणास मुकला.

आता 'डिसजॉइंटेड'कडे पुन्हा पाहू. रूथच्या दुकानात कार्टर नावाचा रखवालदार आहे. तो इराकच्या लढाईतून परतलेला, आणि युद्धाने मन पोळलेला. त्याच्या मनातली वादळे मालिकेने रंगीत चलच्चित्रांतून दाखविली आहेत. सगळ्या मालिकेत खरे सामर्थ्य कोठे असेल तर ते या तुकड्यांत आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु कार्टरच्या भीतीचे मूळ लेखकांनी दूर इराकात नेऊन ठेवले. ऑरोराचा तरुण मेला तो मालिका निघण्याच्या आदल्याच वर्षी, आणि मेला तो दुकानाच्या दारात. लेखकांचा सगळा ओढा धुरातल्या हास्याकडे. दाराशी उभ्या असलेल्या भयाचे मोल त्यांना तेवढे वाटलेले दिसत नाही.

'वीड्स'ला पैशाची जाण अधिक आहे. नोटांचे काय करावे ही विवंचना तिने कथानकात आणली. पण तिचीही घडण जुनीच: पैसा पापाचा, म्हणून लपवावयाचा. सनदशीर दुकानदाराची गोष्ट या साच्यात बसत नाही. त्याने काही चोरलेले नाही, तरी त्याला चोरासारखे वागावे लागते. नोटा पिशव्यांत भरावयाच्या, रोज नव्या रस्त्याने जावयाचे, मागे वळून पाहावयाचे आणि त्याच पिशव्या कर-कचेरीत नेऊन ओतावयाच्या. नायक निरपराधी आणि वर्तन अपराध्याचे, हा पेच कोणत्याही कादंबरीकाराला मोह पाडील असा आहे.

कोणी म्हणेल, बँक मिळाली म्हणजे दरोडे थांबतील काय? सर्वस्वी नाही. चोर मालही नेतात. शिवाय मोठ्या कार्ड-कंपन्या या खरेदीला कार्ड चालू देत नाहीत, म्हणून खाते असले तरी गिऱ्हाईक नोटाच देते. पण रात्रीची रोकड दुकानात राहू नये, एवढे तर खात्याने साधेल! त्यासाठीचे विधेयक सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ३२१ विरुद्ध १०३ मतांनी संमत झाले. वरिष्ठ गृहाने ते पुढे नेले नाही. २०२३ मध्ये त्या गृहाच्या समितीने सुधारित विधेयक मान्य केले, तरी त्या काँग्रेसची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपेपर्यंत ते सभागृहात मतास आलेच नाही.

गांजा विकावा की न विकावा, यावर माझे मत कडक आहे आणि मुलांना शिकविणाऱ्या माणसाचे ते तसेच असावयाचे. परंतु राज्याने एकदा परवाना दिला, कर घेतला, की गल्ल्यावर बसलेल्या पोराच्या जिवाची जबाबदारीही अंगावर आली. कायदेमंडळाला ती चुकविता आली, हे आपण पाहिले. लेखकाने तरी चुकवू नये. या विषयावर हसविणारे पुष्कळ झाले; दुकान बंद करून नोटा मोजणाऱ्या त्या पोराजवळ रात्रभर बसेल, असा लेखक मात्र या दोन्ही मालिकांना लाभलेला नाही.