सेंट लॅम्बर्ट प्रयोग : एक पुनर्विचार

कॅनडातील मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ मध्ये पालकांच्या आग्रहातून इंग्रजीभाषक मुलांसाठी फ्रेंच माध्यमाचा बालवर्ग सुरू झाला. या 'इमर्शन' प्रयोगाचे मूल्यमापन लॅम्बर्ट व टकर यांनी १९७२ च्या ग्रंथात केले. मुले फ्रेंचमध्ये प्रगत झाली आणि त्यांची इंग्रजीही खालावली नाही, हा त्याचा निष्कर्ष. तथापि, त्याआधारे मराठी मुलांसाठी केवळ इंग्रजी माध्यमाचे समर्थन करणे तर्कदुष्ट ठरते. तेथे घरची भाषा प्रतिष्ठित होती; दुसरीपासून ती शाळेतही शिकविली गेली. भर घालणारी व वजाबाकी करणारी द्विभाषिकता हा भेद पुढे लॅम्बर्ट यांनीच मांडला. सबब, नवी भाषा केव्हा शिकवावी, यापेक्षा घरच्या भाषेचे काय होणार, हा प्रश्न पालक-शिक्षकांनी आधी विचारावयास हवा.