लहान कॅबिनेट, तेवढीच उष्णता

लहान संगणक घेताना कॅबिनेटचे लिटर आणि एसएमपीएसचे वॅट एवढेच पाहण्याची पद्धत आम्हांला अपुरी वाटते. १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्डाच्या कॅबिनेटमध्ये बहुधा एसएफएक्स एसएमपीएस बसवतात. त्याचे घनफळ सुमारे ०.८ लिटर, नेहमीच्या एटीएक्सचे १.८ लिटर. जागा वाचते हे खरे. उष्णता मात्र कमी होत नाही. ८० टक्के कार्यक्षमतेच्या एसएमपीएसने २०० वॅट पुरवले, तर ५० वॅटची उष्णता त्याच्यातच निर्माण होते. पुरवलेल्या २०० वॅटचीही अखेर जवळजवळ सगळी उष्णताच होते. ती बाहेर काढण्यासाठी लहान पंख्याला अधिक वेगाने फिरावे लागते. वर्गात त्याचा आवाज जाणवतो, जाळीत धूळ साचली की तापमान वाढते. म्हणून शाळेने आधी यंत्राची गरज मोजावी, नंतर कार्यक्षमता आणि हवेला मोकळी वाट आहे का ते पाहावे. लिटरचा विचार शेवटी.